लेझर मीटरने घर मोजताना: स्कर्टिंग, तिरक्या भिंती आणि पुनर्विकासाआधीचा कार्पेट

तिसरा_मजला (डोंबिवली)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला आहे. इमारत १९८६ ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. पुनर्विकासाचं आता नक्की होत आलंय. बिल्डर सध्याच्या कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या क्षेत्रफळावर, टक्केवारीने जास्तीची जागा देणार आहे, म्हणजे आज घर जेवढं मोजलं जाईल त्यावर पुढचं सगळं अवलंबून. सोसायटीने नेमलेल्या आर्किटेक्टची माणसं लवकरच घरोघरी मापं घ्यायला येतील. त्याआधी आपलं घर आपण नीट मोजून ठेवावं असं मला फार वाटतंय. फ्लॅट बाबांच्या नावावर आहे. करारनाम्यात ४१५ चौ. फूट लिहिलंय, पण ते गॅलरीसकट की गॅलरीशिवाय, भिंती धरून की सोडून, याचा कुठेही उल्लेख नाही.

त्यासाठी ४० मीटर पल्ल्याचं लेझर मीटर घेतलं. हातात मावणारं, साध्या बटणांचं. खोक्यावर अचूकता अधिक-उणे २ मिमी लिहिली आहे. हॉलपासून सुरुवात केली आणि तिथेच अडले. अडचणी अशा:

हॉलची लांबी जमिनीवर स्टीलची टेप ठेवून ४.५६९ मीटर येते, त्याच भिंतींमध्ये लेझर ४.५८५ दाखवतं. सोळा मिलिमीटरचा फरक, आणि तो दरवेळी तेवढाच. मग दोन मिलिमीटरची अचूकता कशी म्हणायची?

दुसरं, समोरासमोरच्या भिंती सारख्या नाहीत. खिडकीकडची लांबी ४.५८५, दाराकडची ४.५७१. रुंदी एका टोकाला ३.०४२ आणि दुसऱ्या टोकाला ३.०६७. कुठली घ्यायची? लहान मापं घेतली तर १४९.७ चौ. फूट होतात, मोठी घेतली तर १५१.४. एका खोलीत पावणेदोन फूट इकडचे तिकडे होतात.

तिसरं, गॅलरी पश्चिमेकडे आहे. दुपारी लाल ठिपका दिसतच नाही. आणि गॅलरीच्या काचेच्या सरकत्या खिडकीवर मारलं तर चक्क १७ मीटर आलं.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. कार्पेट म्हणून नेमकं काय काय मोजायचं? आतल्या भिंती धरायच्या का?

तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशी असतो. त्यांचं घरही मला याच पद्धतीने मोजून द्यायचंय, म्हणून पद्धत पक्की हवी. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

गुण्या_ओळंबा (इचलकरंजी)

ताई, फर्निचरची कामं करतो, लेझर मीटर रोज खिशात असतं. तुमचं मीटर बरोबर आहे आणि टेपही बरोबर आहे. दोन्हींनी वेगवेगळ्या जागा मोजल्या आहेत. टेप जमिनीवर होती ना? मग ती स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या टाइलच्या पट्टीला, टेकली. लेझर तुम्ही कमरेच्या उंचीवर धरलं असणार, तो ठिपका गिलाव्यावर पडला. टाइलची स्कर्टिंग साधारण ८ मिमी पुढे येते, दोन बाजूंचे मिळून झाले सोळा. खात्री करायची तर मीटर जमिनीवर ठेवून स्कर्टिंग ते स्कर्टिंग मारून बघा, टेपचाच आकडा येईल. जुन्या मोझॅकवर नवीन टाइल बसवून घेतली असेल तर हे हमखास असतं.

टेपचंही एक सांगतो, कारण बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक थोडा हलतो. तो खराब झालाय म्हणून लोक ठोकून घट्ट करतात. तसं करू नये. तो हलायलाच पाहिजे. बाहेरून अडकवून ओढलं की त्या पत्र्याच्या जाडीइतका पुढे येतो, आतून भिंतीला दाबलं की तेवढाच मागे जातो, म्हणून दोन्हीकडून माप खरं येतं. आणि आतलं माप घेताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजाने वाचू नका. टेपच्या डबीवर तिची स्वतःची लांबी छापलेली असते, डबी भिंतीला टेकवून ती लांबी मिळवा. कोपऱ्यात वाकवलेल्या टेपवर चार-पाच मिलिमीटर सहज चुकतात.

आता लेझर धरायचं कसं. मागची कड भिंतीला सपाट टेकवायची, आणि पडद्यावर मोजणी मागच्या कडेपासून चालू आहे हे चिन्ह बघून घ्यायचं. पुढच्या कडेवर सेट झालं असेल तर यंत्राच्या लांबीइतकं, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटर, माप कमी येतं. हात थोडा तिरका झाला की माप वाढतं, कधीच कमी होत नाही. साडेचार मीटरवर ठिपका दहा सेंटिमीटर सरकला तर एक मिलिमीटर वाढतो, वीस सेंटिमीटर सरकला तर चार-साडेचार. म्हणून सतत मोजणारं बटण दाबून धरा, ठिपका हळूहळू वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा घ्या. समोरच्या भिंतीपर्यंतचं सरळ माप तेच. कर्ण मोजताना उलटं. ठिपका समोरच्या कोपऱ्याच्या आसपास फिरवायचा आणि सगळ्यात जास्त आलेला आकडा घ्यायचा.

उन्हाचं असं आहे की लाल लेझर फार मंद असतो, तो तसा असायलाच पाहिजे, डोळ्यांसाठी. पश्चिमेची गॅलरी सकाळी मोजा. समोर पांढरा पुठ्ठा धरायला कुणाला तरी उभं करा. काचेवर कधीच मारू नका. तुमचा ठिपका काचेतून आरपार जाऊन समोरच्या इमारतीवर पडला, ते १७ मीटर तिथलं आहे. काचेवर कागद चिकटवा. आरशाच्या कपाटालाही कागद. ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटवर मशीन बराच वेळ घेतं किंवा चुकीची खूण दाखवतं, तिथे मास्किंग टेपची पट्टी लावली की झालं. डासांच्या जाळीतून मारू नका, कधी जाळीवर लागतं, कधी मागच्या भिंतीवर.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आम्ही सुतार लोक नेहमी लहान माप घेतो. वॉर्डरोब बसवायचा तर भिंत खाली, मध्ये आणि वर तिन्ही ठिकाणी मोजतो आणि सगळ्यात कमी आलेल्या मापालाही थोडं सोडून प्लाय कापतो, कारण गिलावा ओळंब्यात नसतो आणि कपाट अडकलं की संपलं. तुमची मापं घ्यायला येणारा माणूस फर्निचरच्या कामातला असेल तर त्याचा हात आपोआप लहान मापाकडे जाईल. क्षेत्रफळाला ती सवय चालत नाही. त्याच्याशेजारी उभं राहा आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजू लिहायला लावा.

---

कणभर_प्रकाश (नाशिक)

गुण्या_ओळंबा यांनी लाख मोलाचं लिहिलंय. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून आतमध्ये काय चालतं तेवढं सांगतो. त्यावरून यंत्रावर किती विश्वास ठेवावा हे कळेल.

प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. १९८३ पासून मीटर हे एककच या आकड्यावर ठरवलेलं आहे. एक मिलिमीटर जाऊन परत यायला प्रकाशाला साधारण ६.७ पिकोसेकंद लागतात, आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. एवढा वेळ थेट मोजणं हातात मावणाऱ्या स्वस्त यंत्राला अवघड. म्हणून बहुतेक घरगुती मीटर वेळ थेट मोजत नाहीत. लेझरची तीव्रता फार वेगाने कमी-जास्त केली जाते आणि परत आलेली लाट गेलेल्या लाटेच्या किती मागे पडली ते पाहिलं जातं. एकच वारंवारता वापरली तर किती पूर्ण लाटा मध्ये बसल्या हे कळत नाही, म्हणून निरनिराळ्या वारंवारता वापरून ते पक्कं करतात. असं पहिलं हातात धरायचं मीटर लायका कंपनीने १९९३ मध्ये ‘डिस्टो’ नावाने आणलं. आज तीच गोष्ट आपल्याला घरच्या कामाला परवडते याचा मला अजूनही आनंद वाटतो.

परत येणारा प्रकाश कमी असेल तर लाटेची तुलना डळमळते. काळा पॉलिश केलेला दगड, काच, कडक ऊन या तिन्हीची अडचण मुळात तीच आहे.

तुमचं यंत्र खरं सांगतंय का, हे दुसऱ्या कुठल्याही मापाशिवाय तपासता येतं. हॉलची पूर्ण लांबी मोजा. मग मधे कुठेतरी जमिनीवर पेन्सिलने रेघ मारा. मीटरची मागची कड रेघेवर ठेवून एका भिंतीपर्यंत मोजा, मग मीटर फिरवून तीच मागची कड त्याच रेघेवर ठेवून दुसऱ्या भिंतीपर्यंत. दोन्हींची बेरीज पूर्ण लांबीइतकी यायला हवी. यंत्र दरवेळी काही ठरावीक मिलिमीटर जास्त दाखवत असेल, तर पूर्ण लांबीत ती चूक एकदा येते आणि बेरजेत दोनदा, म्हणजे फरक तेवढाच उरतो. दोन-तीन मिलिमीटर फरक आला तर खोक्यावर लिहिलेल्या अचूकतेत बसतो. त्याहून मोठा असेल तर सेटिंग बघा. ही तपासणी आर्किटेक्टच्या माणसासमोर त्याच्या यंत्रावरही करून बघायला हरकत नाही. चांगला माणूस कौतुकच करेल.

घरात लहान मुलं असतील तर एक सूचना. ही यंत्रं सहसा दुसऱ्या वर्गाची, एक मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीची असतात. चुकून डोळ्यावर किरण पडला तर पापणी मिटते आणि तेवढ्याने संरक्षण होतं. पण कुणी मुद्दाम टक लावून बघू नये, आणि आरशावर मारताना किरण परत कुणाच्या चेहऱ्यावर जात नाही ना हे पाहावं.

---

विटा_सिमेंट (पुणे)

तिसरा_मजला ताई, तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि पुनर्विकासाच्या कामांत सोसायट्यांच्या बाजूने काम करते.

कार्पेट मोजण्याच्या सध्या दोन रीती भेटतात आणि भांडणं तिथेच होतात. भारतीय मानक ३८६१ मध्ये कार्पेट म्हणजे खोल्यांचं वापरायचं क्षेत्र, भिंतींची जाडी सोडून. २०१६ च्या रेरा कायद्यातली, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्यातली, व्याख्या वेगळी आहे. तिच्यात बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली आहे, पण आतल्या विभाजक भिंती धरल्या आहेत. आता बघा, आजचं घर पहिल्या रीतीने मोजलं आणि नवं घर रेराच्या रीतीने दिलं, तर नव्या घरातल्या आतल्या भिंती तुम्हाला जास्तीची जागा म्हणून मोजून दिल्या जातील. हे फार मोठं नुकसान आहे आणि कागदावर ते कुणाला दिसत नाही.

आकड्यात सांगते. आतली अर्ध्या विटेची भिंत गिलाव्यासकट साधारण १४ सेंटिमीटर जाड धरा. तीन मीटर लांबीची अशी एक भिंत म्हणजे ०.४२ चौ. मी., साडेचार चौ. फूट. छोट्या घरातही अशा तीन-चार भिंती असतात. तुम्ही पावणेदोन फुटांसाठी एवढी काळजी करताय, ती योग्यच आहे, पण भिंतींचे पंधरा-अठरा फूट आधी पकडा.

त्यामुळे दोन्ही रीतींनी मोजून ठेवा आणि सर्वसाधारण सभेत लेखी ठरवून घ्या की जुनं आणि नवं घर एकाच व्याख्येने मोजायचं. कॉलमचे खोलीत आलेले भाग, दाराच्या चौकटीखालची जागा, खिडकीतली खाच, हे धरायचं की नाही तेही एकदाच ठरवा आणि सगळ्या घरांना सारखं लावा. पुनर्विकासाबद्दल सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, समितीने त्या वाचलेल्या असाव्यात असा आग्रह धरा.

आणखी एक. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, नमुना करारात ताब्याच्या वेळी कार्पेट कमी-जास्त होण्याला तीन टक्क्यांची मर्यादा आहे. पण तुमचे हक्क प्रामुख्याने विकास करारनाम्यातून येणार, तेव्हा तसं कलम त्यात आहे का ते सही करण्यापूर्वी बघा. ४१५ फुटांवर तीन टक्के म्हणजे साडेबारा फूट होतात, अख्खा संडास जवळपास तेवढाच असतो. कमी भरलं तर काय, आणि दोन-चार फूट कमी भरलं तरी काय, हे आकड्यात लिहून घ्या.

भिंतीची जाडी लेझरने फार सुंदर मोजता येते. दार उघडं ठेवा. हॉलच्या बाहेरच्या भिंतीला मीटर टेकवा आणि दारातून आरपार बेडरूमच्या पलीकडच्या भिंतीवर मारा. त्यातून त्याच रेषेतली हॉलची आणि बेडरूमची मापं वजा केली की मधल्या भिंतीची जाडी उरते. चौकटीपाशी टेप लावून हे नीट येत नाही, चौकट भिंतीच्या बाहेर आलेली असते.

---

साखळी_टिपण (सातारा)

मी भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालो. आमची हयात शेतं मोजण्यात गेली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. घर आणि शेत यांत मोजणीच्या दृष्टीने मला काही फरक दिसत नाही. शेतही कधी काटकोनात नसतं.

मुलगी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. लहान घ्यायचं की मोठं, हा प्रश्नच नको. चारही बाजू घे आणि दोन्ही कर्ण घे. शेताचं आम्ही तेच करत होतो, आकृती त्रिकोणांत फोडायची आणि प्रत्येक त्रिकोणाचा गुणाकार मांडायचा. कर्ण कळला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तिन्ही बाजू माहीत असलेल्या त्रिकोणाचं क्षेत्र निघतंच. कपाटं-पलंग आडवे येत असतील तर कर्ण छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर घे.

तुझ्या हॉलची सोपी रीतही करून पाहिली. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढ. लांबी ४.५७८, रुंदी ३.०५४५. गुणाकार १३.९८ चौ. मी., म्हणजे १५०.५ चौ. फूट. खोली एवढीच थोडी तिरकी असेल तर त्रिकोणाने काढलं तरी आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत हाच येईल. तू कर्ण मोजून मला कळव, मी ताडून देतो. खोली एखाद्या बाजूला फार कललेली असेल, किंवा पाच कोपरे असतील, तर मात्र सरासरी चालणार नाही, त्रिकोणच करावे लागतील.

आता मी जे सांगणार आहे ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. यंत्र आकडा देतं आणि बटण दाबलं की पुसतं. आमच्याकडे टिपण असायचं. जागेवर उभं राहून काढलेला कच्चा नकाशा, त्यावर प्रत्येक रेषेशेजारी तिचं माप, त्याच वेळी लिहिलेलं. घरी येऊन आठवून लिहिलेलं नव्हे. त्या टिपणावरून गुणाकार बुकात क्षेत्र काढायचं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या टिपणावरून बांध परत कायम करून दिलेले मी स्वतः पाहिले आहेत, कारण रेषा कुठून कुठे गेली हे त्यावर दिसत होतं. नुसता एकूण आकडा असता तर काहीच करता आलं नसतं. तुमच्या करारनाम्यातल्या ४१५ चं दुखणं तेच आहे. आकडा आहे, रेषा नाहीत.

तेव्हा प्रत्येक खोलीचं टिपण काढ. दार कुठे, खिडकी कुठे, कॉलम कुठे. प्रत्येक मापाशेजारी लिही की ते गिलावा ते गिलावा आहे की स्कर्टिंग ते स्कर्टिंग. उंचीही लिही. खाली तारीख, मोजणाऱ्याची सही, आणि मोजताना हजर असलेल्या एका शेजाऱ्याची सही. आर्किटेक्टची माणसं आली की त्यांच्या कागदाशी ओळीने ताडून बघ. फरक कुठल्या भिंतीवर आला हे तुला बोट ठेवून दाखवता येईल, आणि बोट ठेवून दाखवलेला फरक नाकारणं कुणालाही अवघड जातं.

---

रोजचा_प्रवासी (ठाणे)

एवढं सगळं करण्यापेक्षा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजणारं ॲप का वापरत नाही? भिंतीकडे फोन फिरवला की आपोआप नकाशा तयार होतो.

---

विटा_सिमेंट (पुणे)

सोफा मावेल का हे बघायला ते छान आहे, मीही वापरते. पण बऱ्याच फोनमध्ये नुसत्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून अंतर काढलं जातं, खोलीमागे काही सेंटिमीटर इकडे-तिकडे होऊ शकतात. इथे प्रत्येक सेंटिमीटरला रुपये आहेत. नकाशाचा आकार ॲपवरून घ्यावा आणि त्यावर आकडे लेझरचे लिहावेत, असं मात्र जरूर करता येईल.

---

तिसरा_मजला (डोंबिवली)

सगळ्यांचे मनापासून आभार. सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा आणि मी मिळून पूर्ण घर मोजलं. बाबा पुठ्ठा धरून उभे होते आणि प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणत होते, मी लिहीत होते. ते बँकेत होते, आकडा परत म्हणून घ्यायची त्यांची सवय जुनी आहे, आणि त्याचा फार उपयोग झाला.

स्कर्टिंगवर मीटर ठेवून मोजलं, ४.५७० आलं. टेपचंच माप. गुण्या_ओळंबा दादा, तुमचं निदान तंतोतंत बरोबर.

पेन्सिलच्या रेघेची तपासणी केली. बेरजेत आणि पूर्ण लांबीत एक मिलिमीटरचा फरक. आता यंत्राबद्दल मनात शंका उरली नाही.

काका, हॉलचे कर्ण ५.५२१ आणि ५.४८६ आले. पस्तीस मिलिमीटरचा फरक, म्हणजे खोली तिरकी आहे हे नक्की. तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्रिकोण करून बघितले, १३.९८ चौ. मी. आले. सरासरीनेही तेच आलं होतं. मला हे इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं, कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा फार बरं वाटलं.

विटा_सिमेंट ताई, भिंतीची जाडी तुमच्या रीतीने काढली. हॉलच्या बाहेरच्या भिंतीपासून दारातून आरपार ६.५७१. त्या रेषेत हॉल ३.०५८, बेडरूम ३.३७२. उरले ०.१४१, म्हणजे साडेपाच इंच. अशा सगळ्या आतल्या भिंतींचं क्षेत्र काढलं तर जवळपास सतरा चौ. फूट भरतं. हे मी समितीच्या सभेत टिपणासकट मांडलं. आमच्या सचिवांना हा मुद्दा माहीतच नव्हता. आता जुनी-नवी घरं एकाच व्याख्येने मोजायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत येतोय.

एक शेवटची शंका. बहुतेक घरांनी गॅलरी कधीच बंद करून आत घेतली आहे. आमच्याकडे ती हॉलला जोडलेली आहे, मधली भिंत काढलेली. तळमजल्याच्या आजींनी मात्र अजून उघडी ठेवली आहे, तिथे त्यांची तुळस आणि कुंड्या आहेत. मोजताना त्यांच्यावर अन्याय होणार नाही असं काय करता येईल?

---

विटा_सिमेंट (पुणे)

गॅलरी कुणाचीही असो, बंद असो की उघडी, टिपणात ती वेगळी दाखवा आणि तिचं क्षेत्र वेगळं लिहा. मूळ भिंत कुठे होती हे वरच्या बीमवरून आणि मंजूर नकाशावरून कळतं, त्या रेषेपर्यंत हॉल आणि त्यापुढे गॅलरी. मंजूर नकाशाची प्रत सोसायटीकडे नसेल तर महापालिकेकडे अर्ज करा. मग गॅलरीचं क्षेत्र धरायचं की नाही, हा निर्णय सगळ्या सभासदांसाठी एकच राहील आणि आत घेणाऱ्याला जास्त, उघडी ठेवणाऱ्याला कमी असं होणार नाही. आजींच्या गॅलरीची आतली मापं कठड्याच्या आतल्या बाजूपर्यंत घ्या, कठड्याची जाडी वेगळी लिहा.

---

साखळी_टिपण (सातारा)

कर्ण ताडले, बरोबर आहेत. मीही १३.९८ च काढले.

आजींच्या घराचं टिपण करशील तेव्हा त्यांच्या मुलाला फोनवर हजर ठेव आणि प्रत्येक पानाचा फोटो त्याला तिथल्या तिथे पाठव. दोन प्रती कर. एक आजींच्या करारनाम्याला जोडून ठेव.

---

गुण्या_ओळंबा (इचलकरंजी)

ताई, कुंड्या हलवू नका. उघड्या गॅलरीत मीटर कठड्याच्या वरच्या कडेला टेकवून घराच्या भिंतीपर्यंत मारा, मधे झाड येणार नाही. कठड्याची वरची कड गोलवलेली असेल तर लाकडाची सरळ पट्टी कठड्याच्या आतल्या बाजूला उभी धरा आणि मीटरची मागची कड त्या पट्टीला टेकवा. तळमजल्यावर सावली असेल, ठिपका दिसेल. फक्त एकदा भिंतीवरचा रंगाचा पोपडा बघून घ्या. ओल आलेली असेल तर गिलावा फुगलेला असतो, त्या जागेवर मारू नका, वीतभर बाजूला घ्या.

---

तिसरा_मजला (डोंबिवली)

ओल आहे, गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात. बरं झालं सांगितलंत. रविवारी सकाळी आजींकडे जातेय, मुलाशी बोलून वेळ ठरवली आहे. मापं झाली की त्यांची परवानगी घेऊन गॅलरीचे आकडे इथे टाकते, काका ताडून देतील का?

---

साखळी_टिपण (सातारा)

टाक. मी बघतो.